न सांगण्याचा अधिकार

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील उलुरू पाहून परतलेल्या आपल्याकडच्या प्रवाशांकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली रंगांची. सूर्यास्ताच्या वेळी तो प्रचंड खडक आधी गेरूसारखा, मग निखाऱ्यासारखा आणि शेवटी जांभळा कसा होत गेला, याचे वर्णन. दुसरी तक्रारीची. आता वर चढू देत नाहीत, अमुक एका बाजूचे छायाचित्र काढू देत नाहीत, आणि शेजारच्या काटा जूटाच्या घुमटांपाशी तर गाईड धड काही सांगतच नाही. एवढे पैसे मोजून इतक्या दूर जायचे आणि प्रश्न विचारला की 'हे सांगायची मुभा नाही' असे उत्तर ऐकून परतायचे, हा कुठला न्याय, असा या तक्रारीचा सूर असतो. रंगांविषयी आमचे काही म्हणणे नाही. ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी पाहावेत. तक्रारीविषयी मात्र आहे. ती वरवर पाहता प्रवाशाची असली, तरी मुळात वाचकाची तक्रार आहे, आणि म्हणूनच साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे काणाडोळा करू नये, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच मांडून ठेवतो. या मार्गदर्शित सहलींत जे सांगितले जात नाही, तेच त्यांतले सर्वांत मोलाचे आहे. ते न सांगण्याचा अधिकार त्या भूमीच्या आनंगू लोकांचा आहे, आणि या अधिकाराचा आदर करणे म्हणजे ज्ञानाच्या मुक्ततेशी प्रतारणा करणे असे मुळीच नाही. शेवटचे विधान मराठी वाचकाला सहज पटणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. ते का पटत नाही, याचाही विचार पुढे करू.

प्रथम या सहलीचे स्वरूप पाहू. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर १९८४ मध्ये युलारा ही पर्यटकांची वसाहत उभी राहिली. विमानाने, किंवा अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रस्त्याने साडेचारशे किलोमीटर कापून, प्रवासी तिथे उतरतो. दुपारी बस त्याला खडकाच्या पायथ्याशी नेते. मुतिजुलू या पाणवठ्यापर्यंतची छोटी पायवाट, एखादी चित्रांची गुहा, मग सूर्यास्तासाठी राखून ठेवलेला वाहनतळ. तिथे हातात पेला आणि समोर खडक. रात्री ताऱ्यांखाली भोजन. अशा एका प्रसिद्ध भोजनाच्या नावातच 'शांततेचे ध्वनी' आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे सूर्योदय, मग काटा जूटाची घळ, आणि संध्याकाळी सिडनीचे विमान. दीड दिवसात जगाच्या आरंभाचे दर्शन उरकते. या साऱ्या वेळात आकड्यांचा रतीब चालू असतो: उंची ३४८ मीटर, घेर ९.४ किलोमीटर, काटा जूटाचे ३६ घुमट, त्यांतला सर्वांत उंच ५४६ मीटरांचा. आणि या सर्वांवर कळस म्हणून 'जगातील सर्वांत मोठा एकसंध दगड' ही बिरुदावली.

ही बिरुदावली मुळातच फसवी आहे. उलुरू हा वाळवंटात कोणी आणून ठेवलेला सुटा धोंडा नव्हे. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी जवळच्या डोंगररांगा झिजून त्यांची वाळू-रेती पायथ्याशी साचली, दबली आणि तिचा खडक झाला. पुढे भूकवचाच्या हालचालींनी ते आडवे थर जवळजवळ उभे झाले. आसपासचे मऊ खडक झिजून गेले, हा टिकला. त्याच प्रक्रियेत काटा जूटापाशी रेतीऐवजी गोटे-दगडगोट्यांचा खडक तयार झाला. उलुरूचा तांबडा रंग हा पृष्ठावरच्या लोहाच्या गंजाचा. आतला ताजा खडक करड्या रंगाचा असतो. आणि मुख्य म्हणजे जे उभे थर आपल्याला वर दिसतात ते जमिनीखाली खोलवर तसेच गेलेले आहेत. म्हणजे भूविज्ञानाची साक्ष काढली तरी डोळ्यांना दिसते ते फक्त टोक, तेही गंजाचा लेप चढलेले. सहल मात्र आपल्याला 'संपूर्ण उलुरू' विकते. संपूर्णतेचा हा दावाच आम्हांस मुळात संशयास्पद वाटतो, मग तो खडकाविषयी असो की त्याच्या कथेविषयी.

या दाव्याचा इतिहास जुना आहे. १८७२ मध्ये अर्नेस्ट जाइल्स याला अमेडियस या खाऱ्या सरोवराच्या चिखलापलीकडे काटा जूटाचे घुमट दिसले. चिखलामुळे तो त्यांच्यापर्यंत पोचूही शकला नाही. पण नाव देऊन मोकळा झाला. सर्वांत उंच घुमट 'माउंट ओल्गा' झाला तो व्युर्टेम्बर्गच्या राणीच्या नावावरून, जिचा या वाळवंटाशी काडीचाही संबंध नव्हता. पुढल्या वर्षी, १८७३ च्या जुलैत, विल्यम गॉस उलुरूपाशी पोचला, कामरान या अफगाण उंटवाल्यासह वर चढला, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याने खडकाला दिले. जिथे हजारो वर्षे प्रत्येक भेगेला, प्रत्येक खळग्याला नाव होते, तिथे हे आयत्या बिळावरचे नागोबा येऊन बसले. नकाशावर ही नावे शतकाहून अधिक काळ नांदली. १९९३ मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असे जोडनाव अधिकृत झाले. २००२ मध्ये क्रम बदलून उलुरू आधी आले. दोन नावांमधली एक तिरकी रेघ ओलांडायलाही नऊ वर्षे लागली.

नावानंतर जमीन. विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रदेश आदिवासींसाठी राखीव म्हणून जाहीर झाला होता. १९५८ मध्ये त्यातून हे दोन्ही खडक कापून काढून राष्ट्रीय उद्यान करण्यात आले, कारण पर्यटक येऊ लागले होते. १९६४ मध्ये चढणाऱ्यांच्या सोयीसाठी खडकात लोखंडी खांब ठोकून साखळी बसवली गेली, १९७६ मध्ये ती वाढवली. या चढणीवर आणि तिच्यापायी गेल्या शतकाच्या मध्यापासून ३७ माणसे दगावली. आपल्या भूमीवर पाहुणा मरण पावला की त्याचे सुतक आनंगूंना लागते. जबाबदारी आपली होती असे ते मानतात. शिवाय ती वाट साधी नाही. जुकुर्पाच्या कथनानुसार माला लोक (माला म्हणजे कांगारूच्या जातकुळीतला सशाएवढा प्राणी) उलुरूला प्रथम आले तेव्हा त्यांच्यातल्या पुरुषांनी चढलेली ती वाट आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमिनीची मालकी आनंगूंना परत मिळाली, पण त्याच समारंभात ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यान खात्याकडे परत गेली. चढण चालूच राहिली. पायथ्याशी पाटी मात्र लागली: कृपया चढू नका, अशी आमची विनंती आहे.

या विनंतीचे काय झाले हा इतिहास बोधप्रद आहे. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक ती पाटी वाचून वर चढत. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्याने ठरवले की चढणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले तर चढण बंद करण्याचा विचार व्हावा. म्हणजे आपल्या घरात कोणी पायताणांसह शिरू नये, हे ठरवण्यासाठी घरमालकाने आधी शिरणाऱ्यांचे प्रमाण घटण्याची वाट पाहायची. ते १६ टक्क्यांच्या आसपास आले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उद्यानाच्या मंडळाने एकमताने निर्णय घेतला. तेव्हाचे अध्यक्ष सॅमी विल्सन यांनी हे काही डिस्नेलँडसारखे खेळण्याचे ठिकाण नव्हे, असे बजावले. जमीन परत मिळाल्याला ३४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २६ ऑक्टोबर २०१९ ला, चढण कायमची बंद झाली. आणि त्याआधीचे काही महिने? बंद होण्यापूर्वी चढून घ्यावे म्हणून देशभरातून माणसे लोटली. साखळीवर लागलेल्या त्या रांगेची छायाचित्रे जगाने पाहिली. आनंगू लोक पर्यटकांना 'मिंगा' म्हणतात. मिंगा म्हणजे मुंग्या. त्या छायाचित्रांनंतर या शब्दावर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

चढण बंद झाली, म्हणून प्रश्न सुटला असे समजण्याचे कारण नाही. पायांची घुसखोरी थांबली. कानांची चालूच आहे. 'चढू देत नाही तर निदान सगळे सांगा तरी', ही मागणी जुन्याच मागणीचे सुसंस्कृत रूप आहे. येथून हा विषय आपल्या अंगणात येतो.

जुकुर्पा या शब्दापासूनच सुरुवात करू. इंग्रजीत त्याचे 'ड्रीमटाइम' झाले, आणि आपल्याकडच्या प्रवासलेखांत त्याचे 'स्वप्नकाळ' होते. इंग्रजी शब्दाचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानववंशशास्त्रज्ञांनी अरेर्न्टे या वेगळ्या भाषेतील एका संज्ञेच्या केलेल्या अनुवादात आहे. तो पुढे सरसकट साऱ्या खंडाला चिकटवला गेला. पिजंजाजारा आणि यांकुनिजाजारा बोलणाऱ्या आनंगूंचा जुकुर्पा स्वप्नही नाही आणि 'एकदा काय झाले' या चालीचा भूतकाळही नाही. तो कायदा आहे. कोणी कोणाशी लग्न करावे, कोणत्या पाणवठ्यावर कोणाचा हक्क, गवत केव्हा आणि कसे जाळावे, मेलेल्याचा शोक कसा करावा, हे सारे त्यात येते. कथा हे त्या कायद्याचे कलम आहे आणि खडक हा त्याचा दस्तऐवज. 'स्वप्नकाळ' हा शब्द योजताक्षणी कायद्याची परीकथा होते आणि सातबाऱ्याचे भावगीत. परीकथा ऐकणाऱ्याला पुढची गोष्ट मागण्याचा हक्क असतो. दुसऱ्याचा दस्तऐवज पाहणाऱ्याला तो नसतो.

आता आनंगू काय सांगतात ते पाहा. मुतिजुलूच्या पाणवठ्यापाशी कुनिया आणि लिरू यांची कथा कोणालाही ऐकायला मिळते. कुनिया ही अजगर-स्त्री. तिच्या भाच्याला विषारी लिरू सर्पांनी मारले. शोकाने आणि संतापाने ती लिरू योद्ध्यासमोर उभी राहिली आणि तिने त्याच्यावर घाव घातले. त्या घावांच्या भेगा खडकावर आहेत, तिच्या देहाची नागमोडी काळी रेघही आहे. कथा रसाळ आहे, सहलीतले सर्वजण माना डोलावतात. पण ही तिची पहिली पायरी. आनंगू मुलांना सांगितली जाते तेवढी. पुढच्या पायऱ्या वय, जबाबदारी, आप्तसंबंध, स्त्रीत्व-पुरुषत्व यांनुसार उघडतात. काटा जूटाच्या बाबतीत तर बाहेरच्या माणसाला पहिली पायरीही दाखवली जात नाही. तिथला जुकुर्पा सांगायचाच नाही असा दंडक आहे. आणि उलुरूच्या पायथ्याच्या काही जागांवर फलक आहेत, ज्यांचा आशय असा की येथील खडकाचे तपशील पवित्र ग्रंथाच्या तोडीचे आहेत, ते त्यांच्या मूळ जागीच आणि ज्यांना अधिकार आहे त्यांनीच पाहायचे. तेव्हा छायाचित्र घेऊ नये. संहिता, पाठ, संदर्भ, वाचक हे शब्द आपण वर्गात दिवसभर उच्चारतो. त्या फलकाइतकी नेमकी संहितामीमांसा आम्ही फार थोड्या पुस्तकांत वाचली आहे. संहिता जागेपासून तोडता येत नाही आणि प्रत्येक वाचक प्रत्येक संहितेचा वाचक नसतो, एवढेच तो फलक सांगतो.

हे तत्त्व एकदा न्यायालयातही उभे राहिले. चार्ल्स माउंटफोर्ड हा या प्रदेशाचा ख्यातनाम अभ्यासक. १९४० च्या सुमारास त्याला आनंगू वडीलधाऱ्यांनी विश्वासाने काही गोष्टी दाखवल्या आणि सांगितल्या. १९७६ मध्ये त्याचे ऑस्ट्रेलियन वाळवंटातील भटक्या लोकांविषयीचे मोठे सचित्र पुस्तक निघाले आणि त्यात त्या गोष्टी छापलेल्या होत्या. पिजंजाजारा पुरुषांनी नॉर्दर्न टेरिटरीच्या न्यायालयात धाव घेतली. हे ज्यांनी पाहू नये त्यांच्या, आमच्याच स्त्रियांच्या आणि मुलांच्या हाती हे पुस्तक पडले तर आमचा समाज विस्कटेल, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने विश्वासभंगाच्या कारणावरून तिथल्या विक्रीला मनाई केली. ग्रंथबंदी म्हटले की आपले रक्त तापते, आणि एरवी ते योग्यच आहे. पण येथे सत्तेने लेखकाचे तोंड दाबलेले नाही. विश्वासाने सांगितलेले बाजारात मांडू नकोस, असे सत्ताहीनांनी लेखकाला न्यायालयामार्फत सांगितले. दोन्हींना 'बंदी' हा एकच शब्द वापरणे ही भाषेची गरिबी आहे.

आता मराठी वाचकाचा आक्षेप. तो भक्कम आहे, आणि आम्हीही तो अनेकदा स्वतःशी घोकला आहे. आपली वाङ्मयीन परंपराच मुळी गुप्ततेच्या विरोधात उभी राहिली. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली ती संस्कृतात कोंडलेले ज्ञान लोकभाषेत मोकळे करण्यासाठी. 'अधिकारी पुरुष' आणि 'अनधिकारी' या शब्दांनी स्त्री-शूद्रांचे कान कसे बंद केले हे आपण जाणतो. जोतीराव-सावित्रीबाईंची १८४८ ची शाळा, १९२७ चे महाडचे चवदार तळे, १९३० चा काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह, या साऱ्यांतून आपण एक धडा घेतला: प्रवेश नाकारणारा तो जुलमी, प्रवेश मागणारा तो न्याय्य. मग ज्यांनी मनुस्मृतीच्या दहनाचे समर्थन करायचे, त्यांनीच आनंगूंच्या 'हे तुमच्यासाठी नाही' या वाक्यापुढे मान तुकवायची, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

आमचे उत्तर असे. प्रवेशाचा प्रश्न कधीही हवेत लटकत नसतो. कोण, कोणाकडे, कशासाठी प्रवेश मागतो आहे हे पाहावे लागते. चवदार तळ्याचे पाणी मागणारे महाडचेच होते. पाण्यावाचून माणसाचे चालत नाही, आणि ते नाकारणारा कायदा त्यांच्या जगण्यावर दिवसरात्र राज्य करीत होता. जो ग्रंथ तुमच्या पाठीवर वळ उठवतो, तो वाचण्याचा आणि प्रसंगी जाळण्याचाही तुम्हांला अधिकार आहे. जुकुर्पा कोणत्या पर्यटकाच्या पाठीवर वळ उठवतो? तो न कळल्याने नागपूरच्या किंवा सिडनीच्या माणसाचे कोणते पाणी तुटते? येथे नकार देणारे तेच आहेत ज्यांची जमीन गेली, नावे गेली, आणि ज्या समाजांची मुले सरकारी धोरण म्हणून आयांपासून तोडून नेली गेली; या शेवटच्या पातकाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. सगळे गेल्यावर हाती उरले ते हे न सांगितलेले ज्ञान. ब्राह्मण्याची गुप्तता हे तिजोरीचे कुलूप होते. हे लुटल्या गेलेल्या घराच्या शेवटच्या खोलीचे दार आहे. दोन्ही दारे बंद आहेत एवढ्यावरून दोन्ही सारखी ठरत नाहीत. उलट, महाडचा वारसा सांगायचा तर येथे आपण आनंगूंच्या बाजूनेच उभे राहायला हवे, कारण महाडचा प्रश्नही अखेर माणसाच्या स्वतःवरील हक्काचाच होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आनंगू समाजातही कोणाला काय कळावे याच्या सीमा आहेत, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि सीमा म्हटल्या की अन्यायाची शक्यता आली. स्त्रियांच्याही स्वतःच्या जागा व स्वतःचे जुकुर्पा आहेत, तेथे पुरुषांना मज्जाव आहे. तरी एवढ्याने प्रश्न मिटतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्या सीमा हलवायच्या की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजातील स्त्री-पुरुषांचा आहे. बसमधून उतरून दीड दिवसात परत जाणाऱ्याने सामाजिक सुधारणेचा झेंडा खांद्यावर घेऊन कॅमेऱ्याचे बटण दाबावे, ही सुधारणा नव्हे, निव्वळ मखलाशी आहे.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घ्यायला हवा. हे लोक तक्रार करीत नाहीत, ते भारावून जातात. काटा जूटाच्या घुमटांत कोणाला शिवलिंगे दिसतात, कोणाला ध्यानस्थ ऋषी; आनंगूंच्या मौनात 'प्राच्य गूढवाद' सापडतो आणि 'शेवटी सर्वांचे तत्त्वज्ञान एकच' या समाधानात लेख संपतो. दुसऱ्याच्या खडकात आपला देव पाहणे आणि त्याला हेन्री एअर्सचे नाव देणे यांत आम्हांस तत्त्वतः फरक दिसत नाही. दोन्हींत समोरच्याला जे म्हणायचे आहे ते ऐकण्याआधीच आपला शब्द त्याच्या तोंडी घातलेला असतो. मौनाला गूढ म्हणणे हीदेखील ते भेदण्याचीच एक युक्ती आहे. आनंगूंचे मौन गूढ नाही. ते अगदी व्यवहारी आहे: ज्याचे आहे त्याला माहीत आहे, तुम्ही पाहुणे आहात, एवढे पुरे.

आणि हे मौन म्हणजे मुकेपणा आहे, अशीही गल्लत नको. सांगायचे ते या लोकांनी मोठ्याने सांगितले आहे. ऐकले गेले नाही ते नेमके तेच. २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतील आदिवासी वस्त्यांवर 'आणीबाणी' म्हणून हस्तक्षेप लादला. सैन्यासह सरकारी पथके प्रथम ज्या वस्त्यांत शिरली त्यांत खडकाच्या सावलीतली मुतिजुलू वस्ती होती. त्यासाठी वंशभेदविरोधी कायद्याच्या तरतुदी बाजूला ठेवल्या गेल्या. २०१७ च्या मे महिन्यात देशभरातील प्रथम-राष्ट्रांचे प्रतिनिधी उलुरूच्या परिसरात जमले आणि त्यांनी संसदेला सल्ला देणारा आपला आवाज राज्यघटनेत नोंदला जावा, असे आवाहन देशाला केले. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ते फेटाळले गेले. साठ टक्के मतदारांनी आणि सहाच्या सहा राज्यांनी नकार दिला. काय विरोधाभास आहे पाहा! ज्यांनी आपले गुपित सांगावे म्हणून प्रवासी हट्ट धरतात, ते घटनेत बोलू द्या म्हणाले तेव्हा नको म्हणण्यात आले. दंतकथा हवी, मत नको. मार्गदर्शित सहलीने घडवलेला श्रोता नेमका असा असतो, आणि म्हणून या सहली निरुपद्रवी मनोरंजन आहेत, असे आम्ही मानत नाही.

मग जाऊच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. भाडेपट्ट्याच्या करारानुसार प्रवेशशुल्काचा काही हिस्सा आनंगूंना मिळतो, त्यांचे स्वतःचे वाटाडेही आहेत, आणि पाहुण्यांनी यावे असे ते म्हणतातच. केवळ पाहुण्यांसारखे यावे, एवढेच म्हणणे. खडकाभोवतीची दहा किलोमीटरची वाट पायी चालावी. फलक आला की कॅमेरा खाली करावा. वाटाड्या थांबला की आपणही थांबावे. आमच्या मते चांगला वाटाड्या ओळखायची खूणच ही की कुठे बोलणे थांबवायचे ते त्याला ठाऊक असते. जो सगळे सांगतो, तो एक तर खोटे सांगतो आहे, नाही तर चोरीचे.

उद्यानाच्या कार्यालयात टपालाने दगड येतात. कधीकाळी सहलीत खिशात टाकलेला खडा, चिमूटभर तांबडी माती, आणि सोबत माफीचे पत्र. ही पुडकी इतकी वर्षे आणि इतक्या देशांतून येत आहेत की तिथे त्यांना 'सॉरी रॉक्स' असे नावच पडले आहे. परत आलेल्या दगडाची मूळ जागा बहुधा कोणालाच सांगता येत नाही. तो उद्यानात पोचतो, आपल्या ठिकाणी पोचत नाही. आम्ही वर्गात लोककथा, आदिवासी साहित्य, मौखिक परंपरा शिकवतो. संकलने करतो, ध्वनिमुद्रणे करतो, विद्यार्थ्यांना पाड्यांवर पाठवतो, प्रबंधांना गुण देतो. सांगणाऱ्याने कुठे थांबायचे ठरवले होते आणि आपण कुठवर गेलो, याचा रकाना आमच्या कोणत्याही नमुना-प्रश्नावलीत आजवर नव्हता. पुढच्या क्षेत्रभेटीपूर्वी तो घालण्याचे आम्ही ठरवले आहे. इतर विभागांतील सहकाऱ्यांनीही आपापल्या प्रश्नावल्या एकवार काढून पाहाव्यात, आणि त्याबरोबर आपल्या कपाटांतून काही परत पाठवायचे राहिले आहे काय, तेही.